मिश्रनृत्य आणि नाचणाऱ्या जाती

बेली डान्स आणि भारतीय नृत्यशैली यांच्या मिश्रणावर आपल्याकडे जे थोडेबहुत बोलले जाते ते दोनच शब्दांभोवती फिरते. एक पक्ष म्हणतो, शास्त्रीय नृत्य भ्रष्ट झाले. दुसरा म्हणतो, हा प्रयोग आहे, कला वाहती असते. हे दोन्ही पक्ष एकाच वर्गातले, बहुधा एकाच सभागृहात शेजारी शेजारी बसणारे. त्यांचे भांडण घरगुती आहे. ज्यांच्या अंगावरून ही नृत्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आली त्या माणसांना या भांडणात कोणी साक्षीलाही बोलावलेले नाही. मला लिहायचे आहे ते त्यांच्या बाजूने. मी नर्तकी नाही, तालुक्याच्या गावी महाविद्यालयात मराठी शिकवते. नृत्यातले तुला काय कळते, असे कोणी विचारील. विचारावे. त्याचे उत्तर पुढे येईल.

प्रथम 'भ्रष्ट' हा शब्द तपासू. हा शब्द समीक्षेने सोवळ्याओवळ्यातून उचलला आहे. भरतनाट्यमच्या पदन्यासात कोणी कंबर मोकळी सोडली की विटाळ झाल्यासारखे काही समीक्षक दचकतात. पण ज्याला ते शुद्ध म्हणतात ते काय आहे? आज भरतनाट्यमच्या कार्यक्रमाचा जो क्रम सर्वत्र पाळला जातो तो एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू या तंजावरच्या चार भावांनी बसवला. दरबार मराठ्यांचा. दुसऱ्या सरफोजीच्या नावावर नृत्यासाठी केलेल्या मराठी रचना आहेत. म्हणजे तमिळ देवदासी मराठी पदांवर नाचत होत्या. पुढे १९३५ साली रुक्मिणीदेवी अरुंडेल या ब्राह्मण घरातल्या स्त्रीने अड्यारला हे नृत्य जाहीरपणे केले आणि १९३६ मध्ये कलाक्षेत्र उभे केले. त्या आधी बॅले शिकल्या होत्या. भारतीय नृत्याकडे वळा, असे त्यांना सुचवणारी ॲना पावलोवा ही रशियन नर्तकी. वेष बदलला, रंगमंचाची मांडणी बदलली, शृंगार सोवळा केला. बालसरस्वती या देवदासी परंपरेतल्या थोर नर्तकीने या सोवळ्या शृंगाराला शेवटपर्यंत विरोध केला. इकडे १९४७ साली मद्रास प्रांतात कायदा होऊन देवदासींचे देवळातले नाचणे बंद झाले. ज्या बायकांनी हे नृत्य जिवंत ठेवले त्या बेरोजगार झाल्या आणि ते नृत्य राष्ट्राची ठेव झाले. तेव्हा हे नृत्य भ्रष्ट झाल्याची ओरड आज करणाऱ्यांनी हे मिश्रण आधी कोणी, कोणाच्या जिवावर केले ते सांगावे, मग पुढचे बोलू.

आता दुसरी बाजू. 'बेली डान्स' हे नाव पाश्चात्त्यांचे. फ्रेंचांनी 'पोटाचा नाच' म्हटले, इंग्रजीने तेच उचलले, आणि आपल्या पंडितांनी त्याचे 'उदरनृत्य' केले, म्हणजे तोच मूर्खपणा संस्कृतात. अरबीत त्याला रक्स शर्की म्हणतात, पूर्वेकडचे नृत्य, किंवा रक्स बलदी, म्हणजे गावाकडचा, देशी नाच. इजिप्तमध्ये रस्त्यावर, लग्नकार्यात, जत्रेत नाचणाऱ्या बायकांना गवाझी म्हणत. प्रतिष्ठितांच्या जनानखान्यात गाणाऱ्या होत्या त्यांचे नाव आलिमा, म्हणजे शिकलेली. ही उतरंड आपल्याला नवी नाही. १८३४ साली महंमद अलीने गवाझींना कैरोतून हद्दपार केले आणि दक्षिणेकडे, इस्नासारख्या गावांकडे हाकलले. त्यांच्यातली बरीच कुटुंबे नवार वगैरे फिरस्त्या जमातींची. लक्सरच्या माझिन बहिणी हे त्यांतले जगाला माहीत झालेले नाव. हद्दपारीनंतर १८५० मध्ये फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेर इस्नाला गेला आणि कुचुक हानेम या नर्तकीला भेटला. तिच्यावर त्याने पुष्कळ लिहिले, पण तिचे स्वतःचे बोलणे त्यात नाही, हे एडवर्ड सईद यांनी १९७८ साली नेमके दाखवून दिले. त्याच सईदांनी पुढे ताहिया कारिओका या कैरोच्या नर्तकीवर मोठ्या प्रेमाने लिहिले, हेही सांगितले पाहिजे.

या कारिओकेचे नृत्य ज्याला आज 'अस्सल' म्हणतात तेही मिश्रणच. कैरोत १९२६ साली बदिया मसाबनीने काढलेल्या नाट्यगृहात बलदी नाच रंगमंचावर आला तो बॅलेची पावले आणि हॉलिवूडच्या चित्रपटांतला दोन तुकड्यांचा पोशाख घेऊन. असो.

भारताशी या नाचाची गाठ घातली ती अमेरिकेने. रूथ सेंट डेनिस या नर्तकीने १९०४ साली एका सिगारेटची जाहिरात पाहिली. तीवर इजिप्तची देवी होती. ती पाहून तिला पौर्वात्य नृत्याचा ध्यास लागला आणि १९०६ मध्ये न्यूयॉर्कला तिने जे नृत्य केले त्याचे नाव 'राधा'. इजिप्तची जाहिरात, भारतातली राधा, संगीत देलीब या फ्रेंच संगीतकाराच्या ऑपेरातले. राधेला तिने देवळातली मूर्ती करून टाकले. पूर्व म्हणजे एकच मोठे दुकान आणि त्यातला कुठलाही माल कुठल्याही मालाबरोबर बांधता येतो, ही समजूत इथे प्रथम स्पष्ट दिसते. पुढे १९६८ साली कॅलिफोर्नियात जमिला सलिमपूर यांनी एका जत्रेसाठी 'बल अनात' नावाचा संच उभा केला, आणि १९८७ साली सॅन फ्रान्सिस्कोत कॅरोलिना नेरिचो यांनी आपल्या संचातून 'अमेरिकन ट्रायबल स्टाइल' घडवली. घेरदार घागरा, चोळी, आरसेकाम, कवड्या, अफगाण कुची स्त्रियांचे दागिने, डोक्यावर पागोटे, बोटांत झांजा. पुढे याच वाटेवरून ओडिसी, भरतनाट्यम, कथक आणि राजस्थानी नाच यांची बेली डान्सशी सरमिसळ सुरू झाली आणि ती फिरून भारतातल्या शहरांत, नृत्याच्या वर्गांत आली.

या शैलीत घेण्यासारखे आहे ते मी नाकारीत नाही. तो समूहनाच आहे. बायका एकमेकींच्या खुणा ओळखून जागच्या जागी नाच बांधतात, पुढची मागे जाते, मागची पुढे येते. नायिका कोणीच नाही. देह सडपातळ असलाच पाहिजे अशी सक्ती नाही. आमच्या हिंदी चित्रपटाने बेली डान्स घेतला तो पुरुषाच्या नजरेसाठी. 'शोले' (१९७५) मधला हेलनचा नाच आठवा, दरोडेखोर बसलेला, भोवती फिरस्त्यांचा तळ, मध्ये ती. कॅलिफोर्नियातल्या या बायका निदान एकमेकींसाठी नाचल्या.

पण 'ट्रायबल' हा शब्द! आपल्या देशात या शब्दाला जंगल आहे, जमीन आहे, विस्थापन आहे, अनुसूची आहे. तिथे तो पोशाखाचा प्रकार झाला. बंजारा बायकांचे जुने भरतकाम जुन्या बाजारातून उचलून, त्याचे तुकडे करून कंबरपट्ट्यांना लावले गेले. ज्या जमातींच्या अंगावर ते भरतकाम होते त्यांतल्या कित्येकींवर इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला होता, तो १९५२ मध्ये कागदावरून गेला. तो इतिहास कंबरपट्ट्यावर कसा दिसणार? २०२० साली अमेरिकेत वर्णद्वेषाविरुद्ध मोठे आंदोलन झाले तेव्हा नेरिचो यांनी त्या शैलीचे नाव बदलले, 'ट्रायबल' काढून टाकला. चांगले केले. घागरा राहिला.

आता प्रत्यक्ष नृत्याकडे येतो. गेल्या काही वर्षांत अशा मिश्रनृत्यांची ध्वनिचित्रमुद्रणे मी पुष्कळ पाहिली आहेत, काही कार्यक्रम समोर बसून पाहिले आहेत. भरतनाट्यमचे शरीर गुडघे बाहेर वळवून अर्धे बसते, धड ताठ धरते आणि जमिनीवर पाय आपटते. रक्स शर्कीत पाऊल जवळजवळ मुके असते, गुडघे सैल, आणि कंबर, पोट, छाती हे एकेक वेगळे काढून हलवायचे असतात. ही दोन शरीरे एकमेकांविरुद्ध आहेत. म्हणून भरतनाट्यमशी केलेली मोळी बहुधा सुटते, वरचे अर्धे अंग मद्रासचे आणि खालचे कैरोचे असे दिसते. ओडिसीचे तसे नाही. तिथे त्रिभंग आहे, धड कमरेवरून बाजूला सरकते. एखादी कसलेली नर्तकी त्रिभंगात उभी राहून धडातली लाट इतकी सावकाश वर नेते की एक शैली कुठे संपली आणि दुसरी कुठे सुरू झाली ते कळत नाही. अशा वेळी मिश्रण खोटे आहे असे म्हणणे हा आंधळेपणा ठरेल.

खोटे वाटते ते हातांत. भारतीय नृत्यातली मुद्रा हा शब्द आहे, तिला आधी आणि नंतर काही आहे, ती एखाद्या पदाचा अर्थ सांगत असते. मिश्रनृत्यात अलपद्म उमलते आणि मिटते, पण ते काहीच म्हणत नाही. परक्या भाषेतली अक्षरे सुंदर दिसतात म्हणून साडीच्या काठावर छापावीत, तसे. भाषा शिकवणाऱ्या माणसाला हे अधिक खुपते.

आणि त्याहून मोठी गोष्ट, या नृत्यात बाई बोलत नाही. गाणे यंत्रातून येते. तमाशाच्या फडावरची बाई स्वतः गात असे, अदा करता करता समोरच्याला शब्दाने टोला देत असे. सवाल-जवाबात तिने गड्याला निरुत्तर केले की प्रेक्षक तिच्या बाजूने ओरडत. कालबेलिया बायका स्वतः गातात. २०१० साली युनेस्कोने त्यांची परंपरा आपल्या यादीत घेतली तेव्हा नावातच 'गाणी आणि नृत्ये' असे दोन्ही लिहिले. मिश्रण करणाऱ्यांनी पाऊल नेले आणि जीभ मागे ठेवली. पाऊल चार महिन्यांत उचलता येते. गाण्यासाठी त्यांची बोली शिकावी लागते, त्यांच्या पालावर बसावे लागते.

कालबेलियांचे उदाहरण जरा थांबून पाहण्यासारखे आहे, कारण आज परदेशातल्या बेली डान्सच्या वर्गांतून भारताचे म्हणून जे शिकवले जाते त्यात त्यांचा नाच वरच्या क्रमांकावर आहे. राजस्थानात ही जात अनुसूचित जातींत मोडते. पिढीजात धंदा सापांचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो हळूहळू गुन्हा होत गेला. पुरुषाच्या हातातली पुंगी गेली आणि घर बायकांच्या नाचावर आले. गुलाबो सपेरा यांना जन्मताच जमिनीत पुरले होते, आई आणि मावशीने उकरून काढले, असे त्यांनी स्वतः अनेकदा सांगितले आहे. १९८० नंतर पर्यटन खात्याच्या लोकांनी त्यांना पुष्करच्या जत्रेत नाचताना पाहिले, १९८५ मध्ये त्या भारत महोत्सवासाठी अमेरिकेला गेल्या, २०१६ मध्ये पद्मश्री झाल्या. रंगमंचावर आज 'प्राचीन' म्हणून जे कालबेलिया नृत्य दिसते त्याचा काळा घागरा, त्याच्या गिरक्या, मागे वाकून जमिनीवरची नोट डोळ्याने उचलणे, हे बरेचसे या चाळीस-पंचेचाळीस वर्षांतच घडले आहे. मला त्यात कमीपणा दिसत नाही. उपाशी जातीने नवे काही घडवले, तेही एका पिढीत. याला जर प्रतिभा म्हणायचे नसेल तर कशाला म्हणायचे?

पण 'प्राचीन' हा शब्द मिश्रण करणाऱ्यांना हवा असतो. १९९३ साली 'लाचो द्रोम' नावाचा चित्रपट आला. तो राजस्थानच्या वाळवंटात सुरू होतो, तिथून इजिप्त, तुर्कस्तान, मध्य युरोप करीत स्पेनला पोचतो. चित्रपट म्हणून तो सुंदर आहे. त्यावरून एक कथा पसरली की राजस्थानातून निघालेल्या रोमा लोकांनी हा कमरेचा नाच वाटेवर पेरत नेला. तेव्हा बेली डान्स आणि कालबेलिया यांचे मिश्रण म्हणजे दुरावलेल्या बहिणींची भेट. रोमांची भाषा आपल्याच भाषाकुळातली आहे हे भाषाशास्त्राने सिद्ध केले आहे. पण भाषा एका कुळातली निघाली म्हणून कंबरही त्याच वाटेने गेली असे म्हणणे हे कादंबरीकाराचे काम. या कथेने कालबेलियांना हजार वर्षांपूर्वीची माणसे करून टाकले, आणि २०१० नंतरही ज्यांना वस्तीसाठी आणि मेलेल्या माणसाला पुरण्यासाठी जागेकरिता भांडावे लागते ती माणसे मागेच राहिली.

इथे काही वाचक म्हणतील, तर मग स्पष्ट म्हणा, आपली कला परक्यांनी चोरली. मी तसे म्हणणार नाही. 'आपली' या शब्दात कोण कोण बसले आहे ते आधी पाहावे लागेल. ज्यांनी देवदासींचे नृत्य देवदासींकडून घेतले त्यांच्यासोबत बसून अमेरिकन बाईला चोर म्हणण्याची मला घाई नाही. दुसरे कारण अधिक जवळचे आहे. १६ जून १९३६ रोजी मुंबईत दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी देवदासी, मुरळ्या, जोगतिणी यांच्यापुढे भाषण केले. हा लाजिरवाणा धंदा सोडा, असे त्यांनी निक्षून सांगितले. ही आपली थोर परंपरा आहे, जपा, असे ते म्हणाले नाहीत. नाच ही ज्यांची जात होती त्यांच्यासाठी त्या दिवशी मुक्ती म्हणजे न नाचणे.

माझ्या आजीची धाकटी बहीण तमाशाच्या फडात होती. आमच्या घरात तिचा फोटो नाही, तिचे नाव घेत नाहीत. वडील सातवीपर्यंत शिकले, मी घरातली पहिली पदवीधर. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी स्नेहसंमेलनात समूहनृत्यासाठी मी नाव दिले तर वडील दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गशिक्षकांकडे जाऊन उभे राहिले. नाव कमी झाले. घरी आल्यावर ते एवढेच म्हणाले, "आपल्या पोरींनी नाचायचं नाही. लई नाचून झालं." माझी एक वर्गमैत्रीण तेव्हा भरतनाट्यम शिकत होती, तिचे वडील तिच्या घुंगरांची पिशवी स्वतः उचलून आणीत. दोघेही बाप आपापल्या जागी बरोबर होते. नृत्यातले मला काय कळते याचे उत्तर हे आहे. मला नाचू न देण्यामागे किती नाच होता ते मला कळते.

म्हणून मिश्रनृत्य पाहताना माझा पहिला प्रश्न असा असतो की यातून बाहेर पडण्याची मोकळीक कोणाला आहे. मिश्रण करणारी नर्तकी आज ओडिसी घेते, उद्या कालबेलिया, परवा स्पेनचा फ्लामेंको. कंटाळली तर सोडून योग शिकवते. तिला कोणी 'नाचणारीची पोर' म्हणत नाही. पुष्करला तिला शिकवणारी कालबेलिया बाई फी घेते, विमानाने युरोपला जाऊन येते. हे मोठेच आहे आणि त्याला हिणवण्याचा अधिकार सरकारी पगार घेणाऱ्या मला नाही. पण तिच्या मुलीला शिक्षिका व्हायचे असेल तर? रंगमंचावर ज्या जातीचा जयजयकार झाला तीच जात शाळेच्या हजेरीपटात तिची वाट पाहत असते.

आणि कमरेची प्रतिष्ठा कमरेवर अवलंबून नसते, हे तर महाराष्ट्राच्या विधिमंडळाने लिहून ठेवले आहे. २००५ साली बारमधले नाच बंद करणारा कायदा झाला. तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना त्यातून सूट होती. म्हणजे समाजाच्या नीतीला धोका होता तो स्वस्त जागेतल्या नाचापासून. महाग हॉटेलात तसाच नाच चालला असता, बेली डान्स तर चाललाच. बारमधल्या मुलींत बेडिया, नट, कंजर अशा पिढीजात नाचणाऱ्या जमातींच्या मुली मोठ्या संख्येने होत्या. त्यांच्यापैकी किती जणी उपाशी राहिल्या, किती दुबईला गेल्या, याची नोंद नृत्यसमीक्षेने ठेवलेली नाही, कारण तो नृत्याचा विषयच मानला गेला नाही. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती बंदी रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. वर्गावरून केलेला हा भेद न्यायाधीशांना दिसला, आमच्या रसिकांना दिसला नव्हता. कैरोत १८३४ साली जे झाले त्यात आणि मुंबईत २००५ साली जे झाले त्यात फरक आहे तो एवढाच की इथे दाद मागायला घटना होती.

हा भेद न्यायालयात संपला, परीक्षकांच्या टेबलावर संपलेला नाही. काही वर्षांपूर्वी एका युवक महोत्सवात मी नृत्यविभागाची परीक्षक होते. शहरातल्या एका महाविद्यालयाच्या मुलीने ओडिसी आणि बेली डान्स यांचे मिश्रण सादर केले. चांगले केले, मेहनत दिसत होती. माझ्या सहपरीक्षकांनी शेऱ्यात 'धाडसी' असे लिहिले. नंतर एका खेड्यातल्या महाविद्यालयाची मुलगी लावणी नाचली. तीही ध्वनिमुद्रित गाण्यावर, नऊवारी घट्ट नेसून, डोक्यावरचा पदर न ढळू देता. सहपरीक्षक माझ्याकडे झुकून म्हणाले, "कंबर जरा जास्त होतेय." मी विचारले, मघाशी कमी होती का? ते हसले. "मॅडम, ते वेगळं. ती टेक्निक आहे." निकालपत्रावर मी माझा वेगळा अभिप्राय सही करून लिहिला. निकाल बदलला नाही.

संध्याकाळी लावणीवाली मुलगी घुंगरे पिशवीत भरता भरता माझ्याकडे आली. शेरा तिच्यापर्यंत पोचला होता. म्हणाली, "मॅडम, कुठं जास्त झाली ते दाखवता का? पुढच्या वर्षी कमी करते." मी म्हटले, काही कमी करू नकोस, पण गाणे तुझे तूच म्हण. ती थोडा वेळ विचारात पडली. मग म्हणाली, "नियमात बसतंय का ते बघावं लागंल."